फया आणि बाजार

थाझीच्या मोटारतळावर कुणी नवखा माणूस विहाराचा पत्ता विचारायला आला, की चहाच्या दुकानातली मंडळी मुद्दाम को न्योकडे, म्हणजे न्योदादाकडे, बोट दाखवत. "त्यांना विचारा, त्यांचा जन्म या रस्त्यावर गेलाय." न्यो लुंगीची गाठ सारखी करी, तोंडातला विडा एका गालात सरकवी आणि अगदी मनापासून सांगे, "सरळ जा, पिंपळ लागला की उजवीकडे वळा." माणूस आभार मानून निघे. पिंपळाशी तो उजवीकडे वळला, की इकडे दुकानात हसू फुटे. कारण विहार होता डावीकडे, आणि उजवीकडे होती वीटभट्टी. थोड्या वेळाने तोच माणूस लाल धुळीने माखून परत येई. तोवर न्यो आपल्या बसच्या टपावर कोबीच्या टोपल्या बांधत असे. आपण कुणाला भट्टीत धाडलं, हे त्याच्या गावीही नसे.

एकदा तर त्याने यामेथिनहून आलेलं अख्खं वऱ्हाड मयताच्या घरी पाठवलं होतं. त्या घरच्यांनी सांत्वनाला आलेली मंडळी समजून त्यांना बसवलं, चहा दिला, आंबवलेल्या चहापाल्याची ताटली पुढे केली. वऱ्हाडानेही व्यवस्थित खाऊन घेतलं. मग नवरदेवाच्या मामाने तोंड पुसत विचारलं, "नवरी कुठे दिसत नाही ती?" हा किस्सा सगळ्यांत रंगवून सांगायचा तो न्योचा ड्रायव्हर, थान पे. तो मामाचा आवाज काढी, मयताच्या बायकोचा चेहरा करी, आणि शेवटी न्योच्या मानेवर हात टाकून म्हणे, "पण माणूस सोन्याचा आहे हां माझा." न्यो खाली बघून हसे. थान पेने थट्टा केली तर त्याला त्यात मायाच वाटे.

न्योची ही उजव्या-डाव्याची अडचण जन्माची नव्हती. त्याचा बाप घोडागाडी हाकायचा. न्यो लहान असताना बापाने त्याला शेजारी बसवून शिकवलं होतं: रस्त्याची कड ती डावी, रस्त्याचा मध्य तो उजवा. गाडीवर वाढलेल्या मुलाला हे दुसऱ्या कशाहून लवकर समजलं. मग एका रविवारी सकाळपासून सगळ्या देशाची वाहनं रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालू लागली. का, ते कुणाला धड ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे सरकारातल्या वरच्यांना ज्योतिष्याने सांगितलं. बापाने मुकाट्याने गाडी पलीकडे घेतली. त्यांची घोडी मात्र कितीतरी दिवस जुन्या बाजूला ओढत राहिली आणि रोज चाबूक खात राहिली. पुढे घोडी शिकली. इतर मुलंही शिकली. न्योच्या डोक्यात मात्र कड आणि डावं यांची जी गाठ बसली होती ती सुटली नाही, आणि कड आता उजवीकडे गेली होती. उजवं म्हणायला गेलं की डावं पुढे येई, डावं म्हणायला गेलं की उजवं.

स्वस्थ बसला असेल तर त्याला उजवं-डावं येत असे. कुणाला न कळेल अशा बेताने तो बोटांनी हवेत भात कालवी. जो हात कालवू लागे तो जेवायचा, म्हणजे उजवा. पण त्याला क्षणभर वेळ लागे, आणि धावत्या बसच्या दारात तेवढा वेळ कोण देतो.

ती बस होती जुनी जपानी. ज्या देशात ती घडली तिथे रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात, म्हणून तिचं सुकाणू उजवीकडे आणि दार डावीकडे. थाझीला आल्यावर ड्रायव्हर बसला कडेच्या खड्ड्यांवर नजर ठेवून, आणि उतारू उतरू लागले भर रस्त्यात. पुढच्या लॉरीला मागे टाकायचं तर ड्रायव्हरला समोरून काय येतंय ते दिसतच नसे. ते दिसे दारात उभ्या असलेल्या स्पेअरला, म्हणजे ड्रायव्हरच्या मदतनिसाला. तिकिटं घेणं, टोपल्या चढवणं, म्हाताऱ्यांना हात देणं ही स्पेअरची वरवरची कामं. खरं काम म्हणजे एका हाताने दांडा धरून बाहेर झुकायचं आणि ड्रायव्हरचा डावा डोळा व्हायचं. कालॉचा घाट चढताना तर बसमधले सगळे जीव त्या एका माणसाच्या ओरडण्यावर असत.

न्यो पहिल्यांदा थान पेच्या बसवर उभा राहिला तेव्हा दोघेही तरुण होते. पहिल्याच फेरीला यिन्माबिनच्या पुढे समोरून लाकडाची लॉरी आली आणि न्यो ओरडला, "डावीकडे, डावीकडे!" थान पेने सुकाणू डावीकडे घातलं, आणि लॉरीचा लांबलचक भोंगा ऐकून कसंबसं परत ओढलं. आरसा थोडक्यात वाचला. पुढे एका पाणपोईपाशी थान पेने बस थांबवली, न्योला झाडामागे नेलं आणि विचारलं,

"तुला उजवं-डावं कळत नाही?"

"कळतं, सया. फक्त वेळेवर येत नाही."

ड्रायव्हरला सया, म्हणजे गुरुजी, म्हणायची तिकडे रीतच आहे. दुसरा कुठलाही सया त्याला तिथेच उतरवून मोकळा झाला असता. थान पे उकिडवा बसला, त्याने विडी पेटवली आणि बराच वेळ विचार केला.

"तळ्याकाठच्या फयाला जातोस ना?" त्याने विचारलं. फया म्हणजे पॅगोडा, आणि त्यातले भगवानही.

"दर पौर्णिमेला."

"प्रदक्षिणा घालताना फया कुठल्या हाताला असतो?"

न्योने शब्द उच्चारला नाही. त्याने नुसता हात उचलला, आणि तो बरोबर होता.

"आणि फुलांची, मेणबत्त्यांची दुकानं? तो सगळा बाजार?"

न्योने दुसरा हात उचलला. तोही बरोबर.

"मग झालं तर," थान पे म्हणाला. "आजपासून माझ्या बसवर उजवं नाही आणि डावं नाही. मी कडेला राहायचं असेल तर फया. बाहेर काढायची असेल तर बाजार. आणि हे तुझ्या-माझ्यात. मालकिणीच्या कानावर गेलं तर तुझी नोकरी जाईल."

त्या दिवसापासून न्यो एकदाही चुकला नाही. प्रदक्षिणा त्याच्या अंगात होती, तिला विचार करावा लागत नसे. "फया, फया, फया" म्हणून तो ओरडे आणि बस कडेला चिकटून राही. "बाजार, ओढ, ओढ!" म्हणे आणि थान पे समोर काळोख असल्यासारखा, नुसत्या आवाजावर, बस बाहेर काढी. उतारूंना वाटे स्पेअर फार श्रद्धाळू आहे. घाटात तो फया म्हणू लागला की पुढच्या बाकावरच्या बायका हात जोडत. यिन्माबिनहून उकडलेले मके घेऊन येणारी दो ती आजी तर रोज त्याच्या जोडीने पुटपुटायची. थान पे आरशातून न्योकडे बघून डोळा मिचकावी.

अशी वर्षं गेली. न्योची बायको मा ठ्वे डबा द्यायची तो दोघांचा. थान पेच्या मुलीच्या कान टोचण्याला न्योने टपावरून केळीचे दोन घड नेले होते. न्योला हिवताप झाला तेव्हा थान पेने महिनाभर दुसरा स्पेअर घेतला नाही, घाटात लॉऱ्यांच्या मागे मुंगीच्या पावलाने बस चालवली आणि उतारूंच्या शिव्या खाल्ल्या. न्यो हे कधी विसरला नाही.

मग नव्या बस येणार अशी बातमी आली. डावीकडे सुकाणू, उजवीकडे दार, सगळं रस्त्याच्या रीतीप्रमाणे. बसकंपनीची मालकीण दो सॉ यिन, जिला सगळे मावशी म्हणत, तिने चहाच्या दुकानात येऊन सांगितलं, "पहिली बस थान पेला. त्याच्या नावावर आजवर एक ओरखडा नाही."

थान पे लाजल्यासारखा हसला. पण त्यानंतर त्याच्यात थोडा फरक पडला. घाटात तो मान वाकडी करकरून स्वतःच डावीकडे बघायला लागला.

"काय बघता, सया?" न्योने एकदा विचारलं.

"सवय करतोय. नव्या गाडीत मलाच बघायचंय ना सगळं."

"मग मी काय करू?"

"तू? तू आरामात तिकिटं फाड. वय झालं तुझं दारात लटकायचं."

न्यो हसला, पण त्या संध्याकाळी मा ठ्वेला म्हणाला, "नव्या बसला माझा डोळा लागायचा नाही." ती भाजी चिरत होती. "डोळा लागणार नाही, पण माणूस लागेल ना," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांचा माणूस कुणी टाकतो होय?"

ते घडलं थंडीच्या सुरुवातीला, सकाळच्या फेरीला. घाटात पुढे बांबूंची लॉरी लागली. चढावर ती धापा टाकत होती आणि मागे बांबूंची टोकं झाडूसारखी हलत होती. थान पे कंटाळला होता. एका वळणावर रस्ता जरा उलगडला आणि त्याने मान वाकडी केली. दारातून न्योला समोरून येणारी मोटरसायकल दिसली, दोन्ही बाजूंना फुलकोबीच्या टोपल्या लावलेली. तो ओरडला, "फया! फया! फया!"

"कुठे काय आहे," थान पे स्वतःशीच म्हणाला आणि त्याने बस बाहेर काढली.

मोटरसायकलवाला बसच्या पुढच्या कोपऱ्यावर आदळून शेतात जाऊन पडला. फुलकोबी रस्ताभर झाल्या. मांडीचं हाड मोडलं, जीव वाचला. न्यो सगळ्यांत आधी उडी मारून त्याच्यापाशी पोचला, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. थान पे सुकाणूवरच बसून होता. नंतर तो खाली आला, न्योच्या शेजारी वाकला आणि हळूच म्हणाला, "न्यो, तू काही बोलू नकोस. मी बघतो सगळं."

न्योने मान हलवली. सया बघेन म्हणाले की बघत, ही त्याची आजवरची ओळख.

दुसऱ्या दिवशी मावशीने सगळ्यांना तळावर बोलावलं. चेपलेली बस मध्ये उभी होती, पुढचा कोपरा आत गेलेला. पोलिसांनाही काहीतरी लिहून हवं होतं, म्हणून एक जमादार खुर्ची टाकून बसला होता. मावशी वाईट बाई नव्हती. ती रागावलेलीही नव्हती, दमलेली होती.

"को थान पे, काय झालं ते सांगा."

थान पेने घसा साफ केला. "न्योला दोष देऊ नका, मावशी," त्याने सुरुवात केली, आणि न्योला बरं वाटलं. "त्याच्या मनात वाईट नव्हतं. मला कडेला थांब म्हणायचं होतं त्याला, पण तोंडातून निघालं डावीकडे. मी डावीकडे काढली. तुम्हाला सगळ्यांना माहीतच आहे त्याचं. त्याला उजवं-डावं कळत नाही."

मग चहावाला हळहळून म्हणाला, "खरं आहे. माझ्या साडूला याने भट्टीत पाठवलं होतं." दुसरा म्हणाला, "आणि ते वऱ्हाड." कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. एकेकाला काही ना काही आठवत गेलं. कुणीही खोटं बोलत नव्हतं. वर्षानुवर्षं चहासोबत चघळलेले किस्से आज एकामागून एक न्योच्या समोर येऊन बसले, आणि त्यांतले निम्मे थान पेनेच गावाला ऐकवलेले होते.

"मी डावीकडे म्हटलंच नाही," न्यो म्हणाला.

"मग काय म्हटलंस?" मावशीने विचारलं.

मध्येच मक्याची आजी पुढे आली. ती त्या दिवशी पुढच्याच बाकावर होती. "हा बिचारा काय म्हणणार? हा भगवंताचं नाव घेत होता. फया, फया करत होता. मी पण हात जोडले म्हणून तर वाचलो आपण."

न्योने थान पेकडे पाहिलं. खरी गोष्ट आजीने सगळ्यांसमोर उघडी करून ठेवली होती. ती कळणारा सगळ्या तळावर एकच माणूस होता. त्याने नुसतं हो म्हणायचं होतं.

थान पे हातातल्या चहाच्या कपात बघत होता. "हो," तो म्हणाला. "घाबरला की तो फया म्हणतो. सवय आहे त्याला."

न्योला आधी वाटलं, सयांना आजीचं बोलणं नीट ऐकू आलं नसावं. "मावशी," तो म्हणाला, "आमच्यात फया म्हणजे उजवीकडे. बाजार म्हणजे डावीकडे. मी फया म्हणालो. कडेला राहा म्हणालो."

जमादाराने लिहिणं थांबवलं. "असं कुठे असतं? कुणी ठरवलं हे?"

"सयांनी. यिन्माबिनच्या पाणपोईपाशी. पहिल्या फेरीला."

मावशी थान पेकडे वळली. "को थान पे?"

थान पेने कप तोंडाला लावला. कपातला चहा केव्हाच संपला होता. "मला नाही आठवत असं काही," तो म्हणाला.

त्यानंतर जे झालं ते केवळ उपचार होता. जमादार उठला आणि न्योला बससमोर घेऊन गेला. "बरं, एवढं सांगा. मोटरसायकल बसच्या कुठल्या बाजूला धडकली?"

न्यो बसकडे तोंड करून उभा राहिला. चेपलेला कोपरा त्याला समोर दिसत होता. त्याने बोटाने दाखवला तोही अचूक. "बोटाने नको," जमादार म्हणाला, "मला लिहायचंय. उजवी की डावी?" न्योची बोटं लुंगीशेजारी हलू लागली. तो भात कालवत होता. सगळा तळ ते बघत होता. तो कोपरा त्याच्या जेवायच्या हाताच्या बाजूला होता. "उजवी," तो म्हणाला.

गाडीची बाजू सुकाणूवर बसून मोजतात, समोर उभं राहून नाही. कोपरा बसचा डावा होता. जमादाराने वही मिटली. त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं.

मावशीने न्योला काढून टाकलं नाही. "बसवर नको आता," ती म्हणाली. "तळावर गाड्या धू. तुझ्या वयाला तेच बरं." जखमी माणसाचा खर्च कंपनीने केला. नवी बस आली तेव्हा ती थान पेलाच मिळाली, कारण त्याच्या नावावर अजूनही ओरखडा नव्हता.

न्यो बादली आणि फडकं घेऊन गाड्या धुऊ लागला. काम जड नव्हतं. जड होतं ते इतकंच की घाटातून आलेल्या बसचे स्पेअर आता त्याच्याशी जपून बोलत, आजाऱ्याशी बोलावं तसं. पत्ता विचारायला त्याच्याकडे कुणी कुणाला पाठवत नसे. सगळ्यांच्या लेखी त्याच्या चुकीने एका माणसाची मांडी मोडली होती, आता त्यात हसण्यासारखं काय. आपल्या थट्टेची आपल्याला आठवण येईल असं न्योला कधी वाटलं नव्हतं.

थान पे ताउंजीहून येताना संत्री आणायचा आणि जाळीची पिशवी न्योच्या कुंपणाला अडकवून जायचा. पहिल्या वेळी न्योने ती घरात आणली. मा ठ्वेने पिशवी हातात घेतली, एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या सकाळी भिक्खू दारावरून गेले तेव्हा सगळी संत्री त्यांच्या पात्रांत घातली.

"एक तरी ठेवायचंस," न्यो म्हणाला.

"कशाला? तुम्हाला आठवतं सगळं आणि तुमच्या सयांना काहीच नाही. संत्री खाऊन स्मरणशक्ती वाढते म्हणतात. त्यांनाच खाऊ दे."

"ते तेव्हा घाबरले असतील गं."

"घाबरलं की माणूस फया म्हणतो," मा ठ्वे म्हणाली. "तुमचं नाव नाही पुढे करत."

न्योने रिकामी पिशवी खुंटीला अडकवली. थान पे खोटं बोलला, हे त्याने एकवेळ गिळलं असतं. नवी बस, मुलीचं शिक्षण, आयुष्यभराचं नाव, माणूस घाबरतो. पण पाणपोईपाशी झाडामागे त्याच्यासमोर उकिडवा बसलेला तो तरुण ड्रायव्हर, ज्याने त्याला प्रदक्षिणेची आठवण देऊन उजवं-डावं दिलं होतं, तो झालाच नव्हता असं थान पे म्हणाला होता. कधीकधी गाडी धुताना न्योला शंकाच येई, की खरंच ठरलं होतं ना तसं? मग तो फडकं खाली ठेवी आणि हलक्या आवाजात म्हणे, "फया." उजवा हात आपोआप हले. हाताला आठवत होतं.

पावसाळा संपता संपता एका सकाळी थान पेची नवी बस भरून निघाली. तळाच्या फाटकाला उजव्या अंगाने गटार आहे, आणि त्यावर फरशा. त्या दिवशी पहाटे वाळूच्या गाडीखाली मधली फरशी खचली होती. तिच्या पलीकडे मक्याची आजी पाटी मांडून बसली होती. फाटकाबाहेर उजवीकडे भाजीबाजार आणि पुढे कालॉचा रस्ता, डावीकडे यामेथिनचा.

थान पेने सगळा जन्म उजवीकडे बसून कडेचा बोटभर खड्डाही टाळला होता. आता तो डावीकडे बसत होता. समोरचा रस्ता त्याला लख्ख दिसे, पण कड दिसेनाशी झाली होती. त्याचा नवा स्पेअर आत तिकिटं फाडत होता. न्यो फाटकाशेजारी मिनीबसची चाकं धूत होता. त्याला दिसलं, बसचं पुढचं चाक सरळ खचलेल्या फरशीवर चाललंय, आणि फरशी गेली की बस आजीच्या अंगावर कलंडणार.

त्याने विचार केला नाही. "बाजार!" तो ओरडला. "बाजार! बाजार! ओढ!"

थान पेनेही विचार केला नाही. त्याने मान वळवली नाही, कोण ओरडलं ते पाहिलं नाही. त्याच्या हातांनी सुकाणू गरकन डावीकडे फिरवलं, चाक फरशीच्या काठाला घासून गेलं, बस फाटकाबाहेर यामेथिनच्या रस्त्यावर सरळ झाली आणि मग थांबली.

आजीने पाटीतला कलंडलेला मका उचलला. मग ती बसकडे बघत राहिली, मग न्योकडे.

"बाजार तर तिकडे आहे," ती म्हणाली आणि तिने उजवीकडे हात केला. "याने बाजार म्हटलं तर गाडी इकडे कशी गेली?"

चहाच्या दुकानात कपांचा आवाज थांबला. मावशी कचेरीच्या पायरीवर विडा लावत बसली होती. तिने तो तसाच पानदानात ठेवला, चप्पल घातली आणि सावकाश चालत बसच्या खिडकीशी गेली.

"को थान पे," ती म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं कुठे घ्यायची ते?"

थान पेचे दोन्ही हात अजून सुकाणूवर होते. तो त्यांच्याकडे असा बघत होता की जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत.

"सवय आहे," तो शेवटी म्हणाला.

"कसली?"

मागून मक्याची आजी लटपटत येत होती. "म्हणजे त्या दिवशी हा भगवंताचं नाव घेत नव्हता होय," ती मोठ्याने म्हणाली. "हा गाडी थांबवत होता. आणि मी मेली हात जोडत बसले."

मावशीने तिला हाताने गप्प केलं. मग ती थान पेला म्हणाली, "फेरी करून या. संध्याकाळी कचेरीत या. जमादारालाही बोलावते." आणि न्योकडे वळून, जरा खाली बघत, "न्यो, तुला उद्यापासून पुन्हा बसवर घेते."

"बरं, मावशी," न्यो म्हणाला. तो बादलीपाशी परत गेला. त्याने दोन्ही हात पाण्यात बुडवले.

थान पे खाली उतरून आला. उतारू खिडक्यांतून बघत होते. तो न्योच्या समोर उभा राहिला, पूर्वी मानेवर टाकायचा तो हात त्याने थोडा उचलला आणि परत खाली घेतला.

"न्यो," तो म्हणाला, "माझ्याच बसवर ये. आता मला कडेचं काही दिसत नाही, बघितलंस ना? तू माझ्या उजवीकडे उभा राहा."

न्योने फडकं पिळलं. तो रागाने बोलला नाही. चहाच्या दुकानातल्यांना ऐकू जावं असंही बोलला नाही.

"मला उजवीकडे म्हणजे कुठे ते कळत नाही, सया," तो म्हणाला. "तुम्हीच सांगितलंत ना सगळ्यांना."

मग बसमधून कुणीतरी भोंगा वाजवला आणि थान पे वळून गेला. न्यो मिनीबसच्या उरलेल्या चाकाशी बसला आणि ते धुऊ लागला.